परतीचा दगड

“मागे काय टाकणार, ते आधी सांगा,” असं म्हणून ती उजवी मूठ खांद्यावरून मागे झटकायची. वर्गात, स्टाफरूममध्ये, जेवणाच्या रांगेतसुद्धा. कुणी म्हणालं मी पुढे शिकणार, कुणी म्हणालं वजन कमी करणार, की हिची मूठ मागे गेलीच. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आधी त्याचा वैताग येतो आणि मग त्याच्याशिवाय करमत नाही.

तोरणमाळच्या निवासी शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. ती नवापूरकडच्या डोंगरातली, घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी. मी कळसाडीचा, अहिराणीवाला. दोघांची शुद्ध मराठी शाळेपुरतीच. माझ्याकडून तिने अहिराणी उचलली ती फक्त मला छळायला. वह्या तपासताना माझा डोळा लागला की मागून आवाज यायचा, “काय करी ऱ्हायनात, सर?”

एकदा मी पोरांना सांगून बसलो की रॉकेटचा जाळ जमिनीला रेटतो, म्हणून ते वर जातं. ते तिच्या कानावर गेलं.

“आणि वर गेल्यावर, सर? तिथे जमीन नाही, हवाही नाही. मग कुणाला रेटतं?”

मी म्हटलं, मराठीच्या माणसाला असले प्रश्न विचारू नयेत. ती म्हणाली, “उद्या तलावावर या.”

दुसऱ्या दिवशी तिने एका होडीत दगड भरले, मला बसवलं आणि वल्ही काठावर पोरांकडे देऊन टाकली. मला पोहता येत नाही, हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो. ती मागे तोंड करून उभी राहिली आणि दगड भिरकावू लागली. प्रत्येक दगडासरशी होडी थोडी पुढे सरकायची.

“बघा, दगड पाण्यात पडायच्या आधीच आपल्याला धक्का बसतो. रॉकेट हेच करतं. इंधन जाळायचं आणि तापलेला वायू जोरात मागे फेकायचा. जाळायला लागणारा प्राणवायूसुद्धा घरूनच बांधून न्यायचा.”

दगड कमी होत गेले तशी होडी जास्त सरकायला लागली. “हलके झालो ना आपण,” ती म्हणाली. “शेवटचा दगड सगळ्यात जास्त नेतो.” आणि तोही तिने फेकला.

मग होडी तलावाच्या मधोमध थांबली. “परत जायला उलट बाजूला फेकायला हवेत,” ती ओशाळून म्हणाली, “तेवढे ठेवायचे राहिले.” तिने स्वतःच्या चपला फेकून पाहिल्या, मग माझा डबा मागितला. शेवटी नाववाला दुसरी होडी घेऊन आला. काठावर पोरं हसून लोळत होती. मी भलता घाबरलो होतो आणि तितकाच सुखात होतो. तेवढा सुखी पुन्हा कधी झालो नाही.

त्याच वर्षी दक्षिणेतल्या एका संस्थेत रॉकेटच्या इंजिनांवर संशोधन करायला तिची निवड झाली. इथली नोकरी सोडावी लागणार होती. हातची नोकरी सोडते म्हणून घरी तिचे वडील तिच्याशी बोलेनासे झाले. मला तर ती जायलाच नको होती.

घाट उतरून शहाद्याला तिला सोडायला मीच गेलो. बस लागल्यावर मी सरळ म्हटलं, “नका जाऊ. मला करमणार नाही.”

“मलाही नाही करमणार,” ती म्हणाली. त्या दिवशी तिची मूठ मागे गेली नाही.

“परतीचा एक दगड तरी ठेवलाय ना?”

“नाही, सर. तो ठेवला तर मी पोहोचायची नाही.”

सुरुवातीला फोन यायचे. आता सणावाराला मेसेज येतो, तोही मी दिवसभर उघडून उघडून बघतो.

दरवर्षी नव्या पोरांना घेऊन मी तलावावर जातो. वल्ही मात्र होडीतच असतात, मी काही तिच्याइतका धीट नाही. दगड संपत आले की पोरं ओरडतात, “सर, अजून एक राहिलाय!”

“तो परतीचा,” मी म्हणतो, आणि वल्हं उचलतो.