बॉयलरच्या कापडाचे हातमोजे

शिवणबाईंच्या स्वयंपाकघरात, शेगडीवरच्या खिळ्याला हातमोज्यांची एक जोडी टांगलेली असायची. दिसायला अगदी ध्यान! मळकट पांढरी, जाडजूड, कडा झिजलेल्या, आणि टाके असे वेडेवाकडे की पहिल्यांदा सुई धरणाऱ्या पोरीनेही लाजावं. उभा जन्म शाळेत शिवण शिकवण्यात गेलेल्या बाईच्या घरी हे कशाला, असं कुणी विचारायची खोटी, बाई फणकारायच्या, "ह्यांनी शिवलेत. उसवायची हिंमत आहे का कुणाची?"

'हे' म्हणजे बाईंचे यजमान, नौदलाच्या जहाजावरचे आचारी. वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि तीन महिने घरी, असा संसार. लग्नानंतर पहिल्यांदा निघताना त्यांनी बाईंचा पंजा कागदावर ठेवायला लावला, भोवती पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद घडी करून खिशात घातला. "हा काय पोरखेळ?" बाई म्हणाल्या. "असू दे गं. तू नाहीस तर निदान तुझा हात तरी बरोबर," ते म्हणाले.

परतले ते ही जोडी घेऊन. जहाजाच्या भट्टीतून पावाचे ट्रे काढताना त्यांचे हात पोळायचे. मग बॉयलरवर काम करणाऱ्या एका दोस्ताने पाइपांना गुंडाळायचं कापड फाडून दिलं. आगीत घाला, जळणार नाही, असं ते कापड. त्याचे आचाऱ्यांनी स्वतःला हातमोजे शिवले आणि उरलेल्यातून, त्या कागदावरच्या मापाने, बायकोला. बाईंनी हात घातला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चपखल! टाके बघून मात्र त्या पोट धरधरून हसल्या. "अहो, हे टाके आहेत की कोंबडीने उकरलंय?"

पण ते पुन्हा जहाजावर गेले की बाई गार पातेलंसुद्धा ते मोजे घालून उचलायच्या. हसा खुशाल. नऊ महिने एकटीने काय करायचं मग? हात आत गेला की कुणीतरी तो हातात घेतल्यासारखं वाटायचं, आणि तेवढ्यावर दिवस निघायचा.

आचारी निवृत्त होऊन कायमचे घरी आले, तेव्हा बाईंना वाटलं, आता सगळे महिने आपलेच. कसलं काय! काही वर्षांतच धाप सुरू झाली, मग छातीत पाणी, मग फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. त्यांना सिगरेटचं व्यसन. बाईंनी सगळं खापर त्या सिगरेटवर फोडलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली त्या माणसाशी शेवटचं वर्षभर नुसती कटकट. पाकीट काढून घेतलं आणि शिवणयंत्राच्या खणात, रिळांच्या मागे दडवलं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "एकच दे गं. पेटवत नाही. नुसती बोटांत धरतो." बाई कडाडल्या, "हिनेच घात केला तुमचा, आणि अजून हीच हवी?" संध्याकाळी ते गेले.

पुढे त्या जहाजावरच्या बऱ्याच जणांच्या छातीत तसलाच रोग निघाला. जहाजाच्या पाइपांवरच्या ॲस्बेस्टॉसचा प्रताप. नौदलाने माजी नौसैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी मदत सुरू केली. बाईंनीही अर्ज केला, तो परत आला. 'आचाऱ्याच्या कामाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध दिसत नाही. धूम्रपानाची सवय होती.' बाईंनी कागद ठेवून दिला. खरं सांगायचं तर त्यांचा जीव भांड्यातच पडला. सिगरेटच ती! म्हणजे आपण भांडलो ते बरोबरच भांडलो.

आणि मग एके दिवशी तो बॉयलरवाला दोस्त भेटायला आला. स्वतःच दम लागलेला, चार पायऱ्यांत तीनदा थांबला. पाणी प्यायला आत आला आणि त्याची नजर खिळ्यावरच्या मोज्यांवर गेली.

"वहिनी, हे अजून इथे?"

"का हो? जाणार कुठे?"

"हे ॲस्बेस्टॉसचंच कापड! मीच फाडून दिलं होतं. रोज ते घालून भट्टीशी उभा असायचा तो. मला मेल्याला काय ठाऊक!" म्हातारा ढसाढसा रडायला लागला. शांत झाल्यावर म्हणाला, "हे तपासायला द्या. मी साक्ष देतो. अर्ज मंजूर होतोय की नाही बघा."

मंजूर झाला तर सिगरेट निर्दोष, आणि ते वर्षभराचं भांडण? आठ दिवस त्या खिळ्याकडे बघत बसल्या. मोजे दिले की ह्यांचा हात सुटणार. नाही दिले तर 'सिगरेटीने मेला' हा ठपका ह्यांच्या नावावर कायमचा. नवव्या दिवशी बॉयलरवाल्याने सांगितलं तसे, तंतू उडू नयेत म्हणून मोजे ओले करून त्यांनी पिशवीत घातले आणि नौदलाची कचेरी गाठली.

तिथल्या साहेबांनी पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून तोंड बंद केलं. "किती वर्षं वापरलेत?"

"चाळीस."

साहेबांची खुर्ची आपोआप मागे सरकली. "बाई, तुम्हीही छातीचा फोटो काढून घ्या. आणि हे परत मिळणार नाहीत हं. तपासून नष्ट करतात."

"एकदा हात घालू?"

"अहो, भलतंच काय!"

मग बाईंनी प्लास्टिकवरूनच त्या मोज्यांवर पंजा टेकवला. बोटं आता सांध्यात सुजलेली, मापात कुठली बसायला! साहेब भला माणूस, तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

बाईंच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला. त्यांना त्याचंही वाईट वाटलं.

तीन महिन्यांनी पत्र आलं. अर्ज मंजूर. 'रोग जहाजावरील ॲस्बेस्टॉसमुळे झाला. या रोगाचा धूम्रपानाशी संबंध नाही.' बाईंनी ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग उठून शिवणयंत्राचा खण उघडला, रिळं बाजूला सारली आणि ते पाकीट काढलं. आत चार सिगरेटी होत्या, वाळून कडक झालेल्या. त्यातली एक त्यांनी दोन बोटांत धरली आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, नुसती धरायलाच मागत होता ना? द्यायला हवी होती हो मी."