पट्टीवाले आबा आणि मी ओढलेली रेघ

पट्टीवाले आबा दोन बिंदू कधी कोणाला जोडू देत नसत. कालव्यातली मोजपट्टी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला वाचणे ही त्यांची नोकरी होती. पाण्याची उंची वहीत लिहून झाली की आलेखाच्या कागदावर त्या वेळेसमोर ते पेन्सिलीने एक बिंदू देत. महिना संपला तरी कागदावर बिंदूंखेरीज काही नसे. "मधी रेघ वढायची न्हाय. मधी मी तितं न्हवतो," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असे.

प्रत्येक बिंदूआधी ते ब्लेडने पेन्सिलीला टोक करीत. बोथट टोकाच्या ठिपक्यात अर्धा तास आणि बोटभर पाणी सहज मावते, असे त्यांचे म्हणणे होते. बिंदूला लांबी-रुंदी नसते, हे वाक्य मी शाळेपासून पाठ केले होते. ते खरे करण्यासाठी धडपडणारा माणूस मात्र मी तिथे प्रथम पाहिला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघेही जळोचीच्या एकाच वस्तीतले. आबा दहावीपर्यंत शिकलेले. मी बारामतीला गणित घेऊन बी.एस्सी. करत होते. वर्गात शंका विचारण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही. विहाराच्या पायरीवर बसून फलाची, म्हणजे फंक्शनची, व्याख्या घोकत असताना एकदा आबांनी तिचा अर्थ विचारला. मला सांगता येईना. त्यांनी पुस्तकातले उदाहरण दोनदा वाचून घेतले आणि म्हणाले, "म्हंजे आमची पट्टीच की. एका वक्ताला पाणी एकाच उंचीवर आसतं. दोन सांगणारा खोटं बोलतोय. पर तीच उंची सकाळी बी आसंल, सांजंला बी आसंल. त्यात खोटं काय न्हाय." त्या दिवसापासून ती व्याख्या मी पुन्हा घोकली नाही.

या उपकाराची फेड म्हणूनच बहुधा, एका संध्याकाळी कालव्यावरच्या त्यांच्या चौकीत बसून त्यांच्या बिंदूंमधून मी एक सुरेख वळणदार रेघ ओढली. आबा बराच वेळ पाहत राहिले. "देखणी हाय. पर खोडून टाक." माझ्याजवळ रबर नव्हते, सकाळी घेऊन येते, असे मी म्हणाले.

सकाळी माझ्याआधी पाटबंधारे खात्याचे साहेब चौकशीला आले. दोन दिवसांपूर्वी कोणीतरी कालव्याच्या फाट्याचे दार चोरून उघडल्यामुळे पाणी एकाएकी उतरले होते आणि इंदापूरकडच्या गावांना पोहोचले नव्हते. त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत दारावर राखणीला महादू पाटकरी होता. माझी रेघ दहाच्या सुमारास खाली वळत होती. साहेबांनी तिच्यावर बोट ठेवले आणि महादूला घरी बसवण्याची भाषा केली.

चौकीच्या ओट्यापुढे अर्धी वस्ती जमली होती. आबांनी सांगितले की सकाळचा आणि संध्याकाळचा बिंदू तेवढाच मोजलेला आहे. मग त्याच दोन बिंदूंमधून त्यांनी दुसरी रेघ ओढून दाखवली. ती चारपर्यंत सपाट होती आणि नंतर उतरली. यातली खरी कोणती, हे आपल्याला माहीत नाही आणि साहेबांनाही नाही, असे ते म्हणाले. साहेबांनी कागद आपल्याकडे ओढला. मग त्यांनी विचारले, पहिली रेघ कोणी ओढली?

मी चार पावलांवर उभी होते. गर्दीतून कोणीतरी टोमणा मारला, "आबा, तुमी कवापासनं रेघा वढाय लागला?"

आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. "मीच वढली," ते म्हणाले.

महादूची नोकरी राहिली. कामाचा कागद बिघडवल्याबद्दल आबांची बदली झाली, इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या पार शेवटाकडे. टेम्पोत सामान चढत असताना मी त्यांना म्हणाले की मी आजच साहेबांकडे जाऊन खरे काय ते सांगते.

"तवा सांगायचं हुतंस," ते शांतपणे म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. "आता सांगितलंस तर मी खोटा पडतो. ऱ्हाऊ दे."

वहीत एकही खोटा आकडा न लिहिलेला तो माणूस आयुष्यात एकदा खोटे बोलला, आणि ते माझ्यासाठी. त्यांच्या शब्दाखातर मी गप्प राहिले, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आले. खरे कारण भित्रेपणाचे होते. पुढे मी गणितच शिकवले. ते इंदापूरकडेच वारले, आणि मला कळले तेव्हा महिना उलटून गेला होता.

ती रेघ मी ओढली होती.