उलटे टाचलेले द्रोण

मंगळवारी सकाळी माझी बायको शाळेत गेली. अकरा वाजता शाळेतून फोन आला. दोन वाजता डॉक्टरांनी ती वारल्याचं सांगितलं.

धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात ती सहावीला विज्ञान शिकवायची. मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिच्या दहाव्यानंतर चार दिवसांनी तिच्या वर्गातल्या दोन मुली दारात आल्या. एक उंच, दुसरी बडबडी.

"काकाजी, म्याडम वारा मोजाचं यंत्र बनवू म्हणत होत्या," बडबडी म्हणाली. "बांबूच्या काड्या आमी आणल्या. वाट्या नाई."

कृती बायकोच्या वहीत होती. दोन काड्यांची फुली बांधायची, चार टोकांना चार वाट्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेनं. एक वाटी लाल करायची, म्हणजे फेरे मोजता येतात. मध्ये टाचणी, ती पेन्सिलच्या रबरात. मिनिटाला किती फेरे होतात ते लिहायचं.

फळीवर पळसाच्या पानांचे चार द्रोण पडलेले होते. तेच मी दिले. एकाला मुलींनी लाल शाई फासली, आणि यंत्र अंगणातल्या खांबावर बांधलं.

पहिले काही दिवस आकडे वाऱ्याप्रमाणे बदलत होते. मग एका दुपारी वारा पूर्ण पडला. शेजारच्या चुलीचा धूर सरळ वर जात होता. दोरीवरचा टॉवेल हलत नव्हता. यंत्र फिरत होतं.

"सात," मिनिट संपल्यावर उंच मुलगी म्हणाली.

"हवा कुठी हाय? मंग काऊन फिरून राह्यलं?" बडबडीनं विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "म्याडम फुंकून राह्यल्या."

"चूप बस. काकाजी हायेत ना इथी."

मी समजावलं की जमीन तापते, गरम हवा वर चढते, पान हलकं असतं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्या गेल्यावर मी ओला तळहात द्रोणांजवळ धरला. कुठल्याही बाजूनं गार लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशीही सात. चौथ्या दिवशी मी खाली उदबत्ती लावली. धुराची रेघ उभी होती, द्रोण ती कापून पुढे जात होते, आणि रेघ पुन्हा जुळत होती.

मी रजा टाकली. दुपारभर खांबापाशी बसू लागलो. आधी मोजायचो. मग बोलू लागलो. काय वाचलं ते सांगायचो, भाजीत मीठ जास्त झालं तेही सांगायचो.

एकदा शेजारच्या बाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. दहाव्याचे द्रोण त्यांनीच टाचले होते.

"भाऊ, हे त मी टाचलेले हायेत. पान उलटं हाय, पाहा. लवेची बाजू अंदर. मेलेल्या माणसासाठीच असे टाचतेत. नदीत सोडाचे असतेत सारे, एकही घरी ठेवत नाई."

"चार उरले होते."

"उरले नाई, तुमी ठेवले. आता तिनं जावं कसं?"

मी त्यांनाही गरम हवेचं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"हो जी, हवाच असन. मंग सोडून या ना. हवेले काय फरक पडते?"

ती हवा नसावी अशीच माझी इच्छा होती.

आणखी दोन दिवस मी द्रोणांना हात लावला नाही. मुलींपैकी उंच मुलगी एकटीच आली. बडबडीला तिची माय पाठवत नव्हती.

"तुला भीती वाटत नाही?" मी विचारलं.

"म्याडमले काय भ्याचं?" ती फिरत्या द्रोणांकडे बघत होती. "पण काकाजी, त्या थकत असतीन ना, फिरून फिरून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी द्रोण सोडवले आणि नदीवर गेलो. पाणी जेमतेम वाहत होतं. तीन द्रोण पुढे गेले. लाल द्रोण माझ्या पायाशी जागच्या जागी गोल फिरत राहिला. हातात काठी होती, पण मी ढकलला नाही. मनात मोजू लागलो आणि मध्येच थांबलो. बऱ्याच वेळानं तोही गेला.

त्या मुलीनं आणि मी चहाच्या टपरीवरचे कागदी कप आणून फुलीला लावले. आता वारा असला की यंत्र फिरतं. दुपारी थांबलेलं असतं. दुपारच्या रकान्यात मी शून्य लिहितो.