घाण्याच्या गाण्याची चाल

आमच्याकडे लग्नाआधी मुसळाला आंब्याची डहाळी बांधतात, उखळात हळकुंडं कांडतात आणि भोवती बसून बायका गातात. त्याला घाणा म्हणतात. या घाण्याच्या गाण्यावरून मी आयुष्यभर बोलणी खाल्ली, आणि अजून खायची तयारी आहे.

माझं माहेर पेणचं. गणपतीच्या कारखान्याला लागून घर. कारखान्यात दिवसभर रेडिओ चालू, त्यामुळे कानाला नव्या गाण्यांची चटक. लग्न होऊन रोह्याकडच्या गावात आले, तर इथलं घाण्याचं गाणं म्हणजे अबब! एका ओळीत भात शिजून व्हावा इतकं संथ. नणंदेच्या हळदीला पुढे गायचं काम माझ्याकडे, नव्या सुनेकडे, आलं. म्हटलं, गायचं तर आपल्यासारखं. शब्द तेच ठेवले, पण चाल उडती लावली आणि शेजारणीच्या हातात ढोलकी दिली.

दुसऱ्याच कडव्याला चुलतसासूने मुसळ धरून थांबवलं. "ह्यो काय तमाशा हाय? आमच्या घाण्याची चाल नाय गो ही!"

"काकी, तुमच्या वेळी ढीगभर हळकुंडं कांडायला लागायची," मी म्हणाले. "हात दमायचे म्हणून गाणंही दमानं चालायचं. आता हळद गिरणीतून येते. ह्या चार हळकुंडांना कशाला एवढं कण्हायचं?"

पाटावर नणंद मुळूमुळू रडायला लागली. पण मी गाणं सोडलं नाही. एकीने टाळी धरली, मग दुसरीने. काकी फणकाऱ्याने चुलीकडे निघून गेल्या आणि कित्येक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढे कोलाडपासून नागोठण्यापर्यंत मला घाण्याला बोलावणी यायला लागली. सगळीकडे एकच, ती तुमची चाल म्हणा. इतकी वर्षं म्हटली की मलाच तिचा वीट आला.

परवा त्याच नणंदेच्या नातीची हळद होती. मंडपात हे मोठाले स्पीकर. नवरी आधीच मला म्हणाली होती, "आजी, घाण्याचं गाणं आमच्या ठेक्यावर बसव ना. नायतर पोरी ऐकायच्या नाहीत, स्पीकरच लावतील." मी खपून बसवलं. पहिली ओळ म्हटली तोच नणंद म्हणते, "वहिनी, काय हे थेर? आपली परंपरेची चाल म्हण ना!"

परंपरेची! माझं डोकंच फिरलं. "अगो, ती परंपरा तुझ्याच हळदीला जन्मली! तेव्हा तिच्यापायी पाटावर रडत होतीस. आपण तरुणपणी ऐकलं ते सोनं आणि पुढचं सगळं थेर, व्हय ना? तुमच्या कानांचे लाड मी किती दिवस पुरवू?"

नणंदेने तोंड फिरवलं. फिरवू दे. मी गायले. आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही, मधे फाटलासुद्धा. पोरी आधी खुसखुसल्या, मग मोबाइल ठेवून मुसळाला हात लावायला आल्या. गाणं संपेपर्यंत स्पीकर बंद राहिला. मला फार फार बरं वाटलं.

उठताना नवरीची धाकटी बहीण गळ्यात पडली. "आजी, माझ्या हळदीला हीच चाल हं! अगदी हीच. बदलायची नाय."

"हीच तर नाय म्हणणार, जा," मी म्हटलं.