अक्कांची पेन्सिल

शांताअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी यादीच पुढ्यात घेऊन बसले होते. अर्धवेळ इंग्रजी वर्गात यंदा कोणती मुलं घ्यायची, हे त्या आजारी पडल्यामुळे पहिल्यांदाच माझ्यावर आलं होतं. महिना झाला. यादी अजून कोरीच आहे.

बसवकल्याणकडच्या आमच्या शाळेत सकाळी मराठी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर इंग्रजी, असा वर्ग अक्कांनी कितीतरी वर्षं चालवला. मूल निवडायला त्या परीक्षा घेत नसत. एक निरोप देऊन मुलाला माझ्या वर्गावर धाडायच्या. मी उत्तर इंग्रजीत द्यायचं आणि मुलानं ते परत जाऊन अक्कांना मराठीत सांगायचं. एकदा एक पोरगं म्हणालं, "बाई मान हलवायल्यात, म्हंजे व्हय असंल." अक्का खो खो हसल्या. "डोकं चालायलंय की ह्याचं! घ्या ह्याला."

मग माझ्याच लेकीची, मेघाची पाळी आली. शेजारणीची मुलगी आदल्या दिवशी निवडली गेलेली, माझा जीव नुसता खालीवर. मेघा दारात येऊन म्हणाली, "अक्कांनी विचारलंय, खडू किती उरलेत?" मी तिच्या कानात मराठीतच सांगितलं, "दोन खोकी. उद्या अजून येणारेत. पळ!" शिक्षिका असून... लिहिताना आजही लाज वाटते.

मेघा निवडली गेली. पंधरा दिवसांत जेवणाची घंटा झाली की तिचं पोट दुखायला लागलं, मग ती घरातही बोलेनाशी झाली. इंग्रजी राहिलं बाजूला, पोरीची मराठीही आटली. माझं धाबं दणाणलं. अक्कांपुढे रडत सगळं कबूल केलं.

"कामून रडायलीस? पोरगी एक शब्दबी चुकली न्हाई, मला तवाच कळलंतं."

"मग घेतलंत कशाला, अक्का?"

अक्कांनी यादी पुढ्यात ओढली. "तुला खोटी पाडायला माझी जीभ रेटली न्हाई. चूक माझीबी हाय, बाई." मग त्यांनी यादीतलं मेघाचं नाव खोडरबरानं पुसलं. यादी त्या कायम पेन्सिलीनंच करायच्या. पुढच्या वर्षी मेघाला पुन्हा निरोप दिला, तेव्हा ती अडखळत, हातवारे करत, पण स्वतःच उत्तर घेऊन आली.

काल मी अक्कांच्या खुर्चीत बसून पहिला निरोप धाडला. आमच्या रेखाबाईंची मुलगी आईच्याच वर्गावर गेली आणि धावत परत आली. उत्तर घडाघडा, एक शब्द चुकला नाही. मागं दारात रेखा उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची ती भीती मी ओळखते, माझीच आहे ती.

"रेखा, तुझ्याकडं नको. हिला नवा निरोप देऊन शेजारच्या वर्गावरच्या सरांकडं धाडते," मी म्हणाले.

पोरगी गेली. रेखा दारातून हलेना. मी अक्कांची पेन्सिल हातात धरून व्हरांड्यातल्या पावलांची वाट बघत बसले... अक्का, माझी जीभ रेटली बघा.