टायर चाचपणारे आबा

कुणीही पाहुणा गाडी घेऊन कऱ्हाटीला आला, की रामराम व्हायच्या आधी आमचे आबा खाली बसायचे आणि पुढच्या टायरवरून तळहात फिरवायचे. "पाव्हणं, आतली कड खाल्लीया. चाकं दावून घ्या," म्हणायचे, मग चहा. आबा म्हणजे माझे सासरे. उमेदीची सारी वर्षं दुसऱ्यांच्या मोटारी चालवण्यात गेली, म्हातारपणी घरची जुनी फियाट आली. वाडवडील मेंढरांचे खूर तपासायचे, हे टायर तपासतात, अशी गावात थट्टा चाले. आबांना ती आवडायची.

मी गाडी शिकायला घेतली तेव्हा घरात पाठिंबा त्यांचा एकट्याचाच. गाडी मात्र सारखी डावीकडे ओढायची. एकदा थेट भेंडीच्या वावरात शिरली. आमच्या ह्यांनी जाहीर केलं, "बास झालं. उद्यापासनं शिकणं बंद." ह्यांच्या हाताला ती ओढ सवयीची झाली होती. मला वाटलं, खोट माझ्यातच आहे. रडूच कोसळलं.

आबांनी डाव्या टायरवरून हात फिरवला. बाहेरची कड गुळगुळीत लागली. मग वाकून खाली पाहिलं आणि ह्यांना हाक मारली.

"स्प्रिंगला रबराचं पॅकिंग कुणी घातलं?"

"मीच. भाजीचं क्रेट भरलं की वाटंवर डावी बाजू घासती."

आबांनी दोन्ही हात पुढे केले, वरचा आखडून, खालचा लांब. "चाकाला असं दोन आर्म धरत्यात, गाडी खालीवर झाली तरी चाक सरळ ऱ्हावं म्हणून. तू एका अंगाला पाचर मारून दोन्ही खाली लोंबवलंस. चाक वरनं भाईर कललं. मग टायर तिथंच झिजणार, गाडी तिकडंच ओढणार. आन् बोल कुणाला, तर सुनंला."

पॅकिंग निघालं, बारामतीला चाकं जुळवून आणली. दुसऱ्या दिवशी आबा म्हणाले, "सूनबाई, मला इंदापूरला घिऊन चल." हे तोंड पाडून मागं बसले.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते, आणि आली की तो रस्ता दिसतो. दुसरा कुणी चालवत असला की आबांचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा, डोळा लागणं तर दूरच. त्या दिवशी कळंब यायच्या आत ते माझ्या शेजारी चक्क घोरू लागले. मागून हे हळूच म्हणाले, "म्होरं खड्डा हाय. सावकाश घे, आबा जागं व्हतील."

मी सावकाश घेतली. आबा जागे झाले ते इंदापूरच्या बाजारातच.