बारशाशिवाय पाळण्यात नाही

अण्णा कॉम्प्युटरचं बारसं करायचे. थट्टा नाही. आधी मशीनला नाव, मग बाकीचं काम. नावं सगळी फोडणीच्या डब्यातली: मोहरी, जिरं, मेथी. "हिंग राखून ठेवलंय," म्हणायचे, "इतक्यात नको."

सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, म्हणून मराठी कन्नडमध्ये भिजलेली. मी पुण्याहून आलेली, बेळ्ळंदूरच्या तळ्यासाठी पत्रकं वाटणारी. उद्गारचिन्हाशिवाय मला वाक्य संपवता येत नसे. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा हा माणूस मला 'अक्का' म्हणायचा. टोमणाच होता तो.

तळ्यात मैला सोडला जातो, त्याबद्दल काठच्या लोकांच्या जबान्या आम्ही एका फुकटच्या साइटवर ठेवायचो. कुणीतरी तक्रार केली आणि साइटवाल्यांनी पान बंद केलं. कारण नाही, उत्तर नाही! मी चार पानी पत्रक खरडलं. अण्णांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचलं. "सरी, ठीकच लिहिलंस. पण दुसऱ्याच्या ओसरीवर धान्य वाळत घातलंस, तर तो कधीतरी झाडणारच. आपलं अंगण कर."

अंगण झालं बनशंकरीला, त्यांच्या माडीवर. कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेली तीन कॉम्प्युटरं आणि एक टेबलफॅन. त्या तिघांच्या पोटात डझनभर आभासी मशीनं, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे कॉम्प्युटर, चालायची. एक नीट घडवायचं, बाकीच्या त्याच्या नकला. हाच आमचा खासगी क्लाउड. "नक्कल काढणं सोपं," अण्णा बजावायचे, "पण ती मूळ मशीनचं नाव आणि नेटवर्कवरचा पत्ता घेऊनच जन्मते. ते आधी बदल. बारशाशिवाय पाळण्यात नाही."

तळ्याच्या खटल्याची सुनावणी जवळ आली होती, मी घाईत होते. जबान्यांसाठीच्या 'मेथी'ची नक्कल काढली आणि तशीच सुरू केली. दोन मेथ्या, पत्ता एकच. कार्यकर्ते जबान्या पाठवायचे, त्या कधी हिच्याकडे जायच्या, कधी तिच्याकडे. दोन दिवसांनी मशीनांच्या यादीत सारखी दोन नावं दिसली. एक जादा समजून, आत न बघता मी ते मशीन पुसून टाकलं. मुनियम्माची जबानी त्यातच होती.

मुनियम्मा तळ्याकाठी गवत कापून विकायची. ते पाणी पिऊन तिची गाय मेली होती. बोलायला तयार व्हायलाच तिनं तीन महिने घेतले होते.

अण्णा ओरडले नाहीत. "स्वल्प थांब," म्हणत त्यांनी कपाटातून माझंच एक पत्रक काढलं, चिकपेटच्या फेरीवाल्यांसाठी लिहिलेलं. तळ्याच्या पत्रकावरून उतरवताना तिसऱ्या परिच्छेदात राहून गेलं होतं: 'हे तळं आमचं आहे!'

"चिकपेटात तळं कुठंय गं, अक्का?"

मी हसले नाही. ते पत्रक मी चारशे जणांच्या हातात कोंबलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुनियम्माकडे गेलो. "पुन्हा? मागं सांगितलं त्याचं काय झालं?" तिनं कन्नडमध्ये विचारलं. 'मशीन बिघडलं' हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं.

"मी पुसलं," मी म्हणाले. "चुकून. पण मीच."

तिनं विळा बाजूला ठेवला. मग गवताचा भारा सरकवून आम्हाला जागा केली. "मग आता नीट लिही. गाय, गाय म्हणून लिहून घेतलंस. तिला नाव होतं. गौरी."

सुनावणीत ती जबानी गौरीच्या नावासकट वाचली गेली. त्या दिवशी मी घोषणा दिली नाही.

या वर्षी अण्णा गेले. मशीनं आता माझ्या खोलीत घरघरतात. परवा एका नव्या तळ्याच्या कामासाठी नक्कल काढली. पडद्यानं नाव विचारलं. मी 'अण्णा' लिहिलं. मग खोडलं. एक नाव दोघांना दिलं की काय होतं, ते मला शिकवून झालं होतं.

'हिंग' लिहिलं. पत्ता बदलला. मगच सुरू केलं.